मॅजिक किंगडम: गाडी तळ्यापलीकडे असते, हे लक्षात ठेवा

डिस्नेच्या मॅजिक किंगडम पार्कला आम्ही चौघं गेलो होतो. मी, नवरा, चार वर्षांची लेक आणि अडीच वर्षांचा धाकटा. तीन वर्षांखालच्यांना तिकीट नाही, म्हणून धाकटा फुकटात.

पार्किंगमध्ये गाडी लावली की पोचलो, असं आपल्याला वाटतं. फ्लोरिडातल्या या पार्कला तसं नाही. गाडी लावून आधी ट्रान्सपोर्टेशन अँड टिकिट सेंटरला यायचं, तिथे बॅगा तपासून घ्यायच्या आणि मग मोनोरेलने किंवा फेरीबोटीने तळं ओलांडायचं. आमचा पाऊण तास यातच गेला. पार्क उघडायच्या तासभर आधी गाडी लागलेली बरी. फेरीबोटच घ्या, मुलांच्या दृष्टीने पहिली राइड तीच.

उंची घरीच मोजून निघा. सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेन या रोलर कोस्टरला ३८ इंच लागतात, स्पेस माउंटन या दुसऱ्या कोस्टरला ४४. लेक माइन ट्रेनच्या मोजपट्टीशी श्वास रोखून, मान ताणून उभी राहिली. तिथल्या मुलीने हसून तिच्या टाचा खाली टेकवायला लावल्या आणि पुन्हा पाहिलं. केसभराने पास! धाकट्याचा प्रश्नच नव्हता, म्हणून ‘रायडर स्विच’ मागून घेतलं. एकाने लहानग्याला घेऊन बाहेर थांबायचं, दुसरा आला की पहिल्याने लांब रांगेत न थांबता जायचं. लेक आधी बाबाबरोबर बसली आणि नंतर माझ्याबरोबरही. फक्त रांगेत शिरण्याआधी सगळ्यांनी मिळून दारावरच्या कर्मचाऱ्याला सांगावं लागतं.

डंबो या उडत्या हत्तींच्या राइडला उंचीची अट नाही, पण ऊन चढलं की रांग वाढते. ते सकाळीच उरका.

आमची चूक दुपारी झाली. जून महिना, तीनच्या सुमारास आभाळ भरून आलं. विजा कडाडायला लागल्या की उघड्यावरच्या राइड्स बंद करतात. आणि आमचे रेनकोट कुठे? गाडीत. गाडी तळ्यापलीकडे. ‘कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस’मध्ये घुसलो. १९६४च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनासाठी बनवलेला हा खेळ, यात रंगमंचाभोवती प्रेक्षकच फिरतात. आत गारवा आणि अंधार. धाकटा पाच मिनिटांत गाढ झोपला. खरं सांगायचं तर दिवसातली सगळ्यात सुखाची वीस मिनिटं ती.

दुपारी हॉटेलवर जाऊन या, असं बरेचजण सुचवतात. हॉटेल लांब असेल तर मला ते पटत नाही, जाण्यायेण्यातच मुलं किरकिरी होतात. त्यापेक्षा पार्कमधल्याच मेन स्ट्रीटच्या टोकाचं बेबी केअर सेंटर गाठा. तिथे डायपर बदलायला टेबलं आहेत, अंगावर पाजायला वेगळी खोली आहे. घरचा खाऊ आत नेता येतो, काचेची बाटली आणि सुटा बर्फ तेवढा चालत नाही. खाण्याच्या काउंटरवर गार पाणी फुकट मिळतं, मागायला लाजू नका.

स्ट्रोलर ठेवला तिथेच सापडेल असं धरून चालू नका, कर्मचारी ते सरकवून नीट लावत असतात. आमच्या स्ट्रोलरला पिवळी ओढणी बांधली होती, ती लांबूनही दिसायची.

एवढी हुशारी करून गाडीच्या रांगेचा फोटो काढायला मात्र विसरलो. रात्री किल्लीचं बटण दाबत अर्धा तास फिरलो. गाडीचा आवाज आधी लेकीनेच ऐकला.