वाचनालयाचे सणवार

ऑक्टोबरच्या सुमारास सार्वजनिक वाचनालयात दोन सण मागेपुढे येतात आणि त्यांचे एकमेकांशी मुळीच पटत नाही. दसऱ्याला पाटीवर एकच्या आकड्यांची सरस्वती काढून ग्रंथ पूजेला मांडायचे आणि मांडलेल्या ग्रंथाला त्या दिवशी हात लावायचा नाही, हा जुना दंडक. याउलट, डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या जन्मदिनी, १५ ऑक्टोबरला, २०१५ पासून साजरा होणाऱ्या वाचन प्रेरणा दिनी हातात पुस्तक नसेल तर फोटोत उभे राहण्याची सोय नाही. हा सण सरकारी परिपत्रकातून आला, अशी जुन्या सभासदांची कुरकुर असते आणि ती खोटीही नाही. तरी हळदकुंकू वाहिलेल्या ग्रंथापेक्षा मुलांनी हाताळून मळवलेला ग्रंथ मला अधिक मंगल वाटतो.

दिवाळी अंकांबाबत मात्र कुरकुर फक्त उशिराची. वेगळी वर्गणी भरलेले सभासद पाडव्यापासून खेपा घालू लागतात; पण अंक आला म्हणजे मिळाला, असे नसते. त्याची नोंदवहीत नोंद होते, ठरावीक पानांवर शिक्के उमटतात, मुखपृष्ठावर खाकी कागद चढतो आणि पाने सुटू नयेत म्हणून दाभणाने अशी घट्ट शिवण घातली जाते की डाव्या पानावरच्या ओळींची शेवटची अक्षरे तिच्यात गडप होतात. ती ज्याची त्याने अंदाजाने लावून घ्यायची.

दिवाळी अंकांची ही प्रथा अभ्यंगस्नानाइतकी पुरातन वाटते खरी. पण काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा, मराठीतला पहिला मानला जाणारा, दिवाळी अंक काढला तो १९०९ साली. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, म्हणजे तिथल्या वाचकांच्या कितीतरी पिढ्यांनी दिवाळी अंकाविनाच दिवाळी साजरी केली. तेव्हा कालपरवाच्या सणाला नवखा म्हणून नाके मुरडण्याआधी त्याला निदान शंभर वर्षे तरी द्यायला हवीत.

अंकात सर्वांत आधी मळतात ती राशिभविष्याची पाने. एका वेळी एकच अंक, या नियमामुळे ज्याची पाळी मार्चमध्ये लागते, तो सभासद नोव्हेंबरपासूनचे भविष्य शांतपणे ताडून पाहतो आणि चुकलेल्या महिन्यांसमोर पेन्सिलीने बारीक फुली मारून अंक परत करतो.