मंद आचेवरची टेप

जुना अल्बम रेकॉर्डवर नव्याने निघाला की वरच्या प्लास्टिकवर एक गोल स्टिकर येतं: '१८० ग्रॅम', 'मूळ टेपवरून', 'मर्यादित आवृत्ती'. दुपारी चहा निवेपर्यंत वाचत बसावं असं ते साहित्य आहे.

त्यातल्या ग्रॅमचं कौतुक मला कधी उमगलं नाही. साधी एलपी १२० ते १४० ग्रॅमची असते. वजन वाढलं म्हणून आवाज भरत नाही; तबकडी जाड झाली तरी खोबणी तेवढीच खोल. मधलं भोक बरोबर मध्ये आहे ना, हे बघावं. ते केसभर सरकलं तरी पियानोचा लांबवलेला सूर दर १.८ सेकंदाला एकदा हेलकावतो, कारण मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगाला एक फेरा तेवढ्यात होतो. सुई टेकवून टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा, बाजूने बघा. तो डावी-उजवीकडे झुलत असेल तर रेकॉर्ड सरळ परत करावी.

आणि 'मूळ टेपवरून' हे तर सगळेच म्हणतात. टेप कोणती, आणि ती कोणत्या अवस्थेत होती, हे कोण सांगतो?

गंमत अशी की पन्नाशीच्या दशकातली जॅझची टेप पुष्कळदा बॉक्समधून काढून थेट वाजवता येते आणि सत्तरीच्या उत्तरार्धातली फंकची, म्हणजे ठेका धरायला लावणाऱ्या अमेरिकन नाचगाण्यांची, टेप मशिनवर चढवली की किंचाळते. तेव्हाच्या अनेक टेपांवर, विशेषतः पाठीला काळा लेप असलेल्यांवर, चुंबकीय भुकटी धरून ठेवणारं पॉलियुरेथेनचं बाइंडर हवेतली ओल शोषून विघटतं. मग हेडवर तपकिरी चिकटा जमतो आणि त्याबरोबर ड्रमच्या हाय-हॅट झांजांचा आवाजही खरवडून निघतो. टेप चिवड्यासारखी सादळते, आणि उपायही चिवड्याचाच: मंद आच.

आच म्हणजे साधारण ५४ अंश सेल्सिअस. स्वयंपाकघरातला गॅसचा ओव्हन यासाठी वापरत नाहीत, त्याचा पारा वरखाली होतो. प्रयोगशाळेतला इन्क्युबेटर किंवा फळं सुकवायचं यंत्र घेतात. पाव इंची टेपला आठेक तास. चोवीस ट्रॅकच्या दोन इंची टेपला याहून पुष्कळ जास्त. मध्ये एकदा रीळ उलटायचं, आणि जेवढा वेळ तापवलं तेवढाच वेळ निवू द्यायचं. घाई केली किंवा आच वाढवली तर एका वेटोळ्यातला आवाज शेजारच्या वेटोळ्यावर उमटतो आणि गाणं सुरू होण्याआधीच त्याचं भूत ऐकू येतं. जोडांचा गोंद सुकून सुटतो तो वेगळाच. ॲसिटेटच्या पट्टीवरची जुनी टेप मात्र चुकूनही भाजू नये. रीळ उजेडापुढे धरलं की कळतं: ॲसिटेटमधून उजेड आरपार येतो, पॉलिएस्टरमधून येत नाही.

भाजलेली टेप काही आठवडे धड राहते, मग पुन्हा सादळते. म्हणून पहिल्याच फेरीत ती डिजिटलमध्ये उतरवून घेतात. तेव्हा १९७८ च्या फंकवर 'संपूर्ण ॲनालॉग', म्हणजे मध्ये कुठेच डिजिटल नाही, असं लिहिलेलं दिसलं की माझी भुवई वर जाते. २०२२ मध्ये मोबाइल फिडेलिटी या अमेरिकन कंपनीच्या बऱ्याच रेकॉर्डांत मध्ये एक डिजिटल टप्पा असल्याचं उघड झालं, तेव्हा शौकिनांनी कोण गहजब केला. त्याआधी कित्येक वर्षं हीच मंडळी त्याच रेकॉर्डांच्या ॲनालॉग उबेची तारीफ करत होती. असो.

टेप निरोगी असूनही घोळ होतो तो निराळा. जॅझचा ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू' घ्या. २ मार्च १९५९ ला न्यूयॉर्कमध्ये कोलंबियाच्या तिसाव्या रस्त्यावरच्या स्टुडिओत पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना झाल्या आणि त्या दिवशी मुख्य मशीन जरा हळू चाललं होतं. हळू भरलेली टेप बरोबर वेगाने वाजवली की सूर चढतो. त्यातलं पहिलं, 'सो व्हॉट', पांढरी दोनमधलं; मधले आठ बार तेवढे काळी दोनवर जातात. रेकॉर्डवर मात्र ते पांढरी दोन सोडून वर गेलेलं आणि काळी दोनला न पोचलेलं, असं अधांतरी. पेटीवर साथ करू बघणाऱ्याने आपल्याच पेटीला नावं ठेवली असतील. स्टुडिओत दुसरं, राखीव मशीनही चालू होतं आणि त्याचा वेग बरोबर होता. त्याची टेप १९९२ च्या आवृत्तीसाठी वापरली गेली, तेव्हा पहिली बाजू सुरात आली.

म्हणून आवृत्ती विकत घेताना मागचा बारीक मजकूर वाचावा. टेप कोणती, लॅकर (खोबणी पहिल्यांदा कोरतात ती तबकडी) कोणी कापलं, रेकॉर्ड कुठे दाबली. हे लिहिलं नसेल तर ग्रॅमवर समाधान मानावं.

अशा आवृत्त्यांमधूनच आपल्याकडची माणसंही परत येतात. मुंबईची आशा पुथली जॅझचा सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनच्या 'सायन्स फिक्शन'मध्ये गायली, आणि १९७६ च्या 'द डेव्हिल इज लूज'मधलं तिचं 'स्पेस टॉक' आजही डीजे शोधत असतात. मुंबईतच जन्मलेला गोवन गिटारवादक अमान्सियो डिसिल्वा लंडनला गेला. सत्तरच्या दशकात ध्वनिमुद्रित केलेला त्याचा 'कोकण डान्स' बाहेर आला तो त्याच्या निधनानंतर.

ही तबकडी प्रत्यक्ष कोकणात न्यायची झाली तर जुलै टाळावा. व्हायनलला, म्हणजे रेकॉर्डच्या प्लास्टिकला, दमट हवेने काही होत नाही. बुरशी धरते ती पुठ्ठ्याला आणि आतल्या कागदी पिशवीला. कागदी पिशवी काढून पॉलिथिनची घालावी, रेकॉर्डी उभ्या ठेवाव्यात, आणि आजोबांचे ७८ चे तवे शेजारी असतील तर साफसफाईचं स्पिरिट त्यांच्यापासून लांब ठेवावं. ते तवे शेलॅकचे, म्हणजे लाखेचे, आणि शेलॅक स्पिरिटमध्ये विरघळतं.