आमची वाटचाल: घरी वाजवलेली गिटार, आमच्या खोलीतला ॲम्प

आम्ही दोघंच आहोत, मी आणि माझा मावसभाऊ, त्याला मी दादा म्हणतो. आमचं काम म्हणजे लोकं आपापल्या घरी इलेक्ट्रिक गिटार रेकॉर्ड करतात, ती कोरी (कुठलाही इफेक्ट न लावलेली) फाईल आमच्याकडे पाठवतात, आणि आम्ही ती खऱ्या ट्यूब ॲम्पमधून (काचेच्या व्हॉल्व्हवर चालणाऱ्या ॲम्प्लिफायरमधून) सोडून, खऱ्या स्पीकरसमोर माइक लावून परत रेकॉर्ड करून देतो. याला रीॲम्पिंग म्हणतात. आता सातवं वर्ष चालू आहे, बरेच जण विचारतात की ही असली लाईन सुचली कशी, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून काढतोय.

सुरुवात माझ्याच वैतागातून झाली. स्टेजवर माझा टोन चांगला यायचा, लोकं येऊन सांगायचे, आणि तीच गिटार तोच डिस्टॉर्शन पेडल (आवाज मुद्दाम फाटका करणारा) घरी थेट इंटरफेसमध्ये, म्हणजे गिटार कॉम्प्युटरला जोडणाऱ्या पेटीत, लावला की कानाशी डास गुणगुणल्यासारखा आवाज. ईक्यू करून बघितला, रिव्हर्ब टाकून बघितला, महागातला पेडल घेऊन बघितला, काही फरक नाही. दादा इलेक्ट्रॉनिक्समधला माणूस, तो गिटार वाजवत नाही पण त्यानेच नेमकं पकडलं. म्हणाला अरे तुझा स्पीकर कुठंय यात? गिटारचा १२ इंची स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या पुढे झपाट्याने पडतो, वरचं फारसं काही तो बाहेर सोडतच नाही. डिस्टॉर्शनमध्ये वरच्या पट्टीत जो कर्कश कचरा तयार होतो तो स्टेजवर स्पीकरच गाळून टाकत होता, आणि घरी मी ती गाळणीच काढून टाकली होती. म्हणजे स्पीकर हा टोनचा अर्धा भाग आहे, आवाज मोठा करायचं नुसतं साधन नाही, हे मला इतकी वर्षं वाजवून कळलं नव्हतं ते त्या दिवशी कळलं.

मग एक जुना ट्यूब हेड (स्पीकर नसलेला ॲम्प) आणि एका स्पीकरचं कॅबिनेट (स्पीकरची पेटी) घेतलं, खोलीतल्या कपाटाचं दार उघडं ठेवून सगळ्या रजया आणि गाद्या आजूबाजूला उभ्या केल्या, आणि समोर एक शुअर एसएम ५७ लावला. हा माइक १९६५ पासून बाजारात आहे आणि आजही गिटार कॅबिनेटसमोर पहिला हात त्याच्याकडेच जातो. आधी तो आम्ही अंदाजाने कुठेही ठेवायचो, कारण समोरच्या जाळीच्या कापडातून आतला स्पीकर दिसत नाही. एका रात्री दादाने टॉर्च तिरका धरला तर कापडाआडून मधली गोल टोपी स्पष्ट दिसली. मी हेडफोन घालून खाली बसलो, एकच रिफ लूपवर लावला, आणि दादा माइक बोटभर बोटभर सरकवत गेला. टोपीच्या बरोब्बर मध्ये धारदार आणि टोचणारा आवाज, टोपी जिथे संपते त्या कडेवर अचानक सगळं जागेवर बसलं, आणि आणखी दोन बोटं बाहेर गेलो की गोल, जाड, थोडा झोपलेला. ॲम्पचं एकही बटण आम्ही हलवलं नव्हतं! त्या कडेवर दादाने कापडाला पांढऱ्या टेपचा तुकडा चिकटवला, तो तुकडा दोनदा बदलला पण जागा तीच आहे. आणि माइक कापडाच्या जितका जवळ तितका बेस वाढतो हेही तेव्हाच शिकलो, म्हणून अंतर मोजायला एक लाकडी ठोकळा कापून ठेवलाय.

पहिल्या वर्षात एक मोठं नुकसान झालं तेही सांगतो, कारण घरी ट्यूब ॲम्प असलेल्या प्रत्येकाला हे माहीत हवं. घाईत कॅबिनेटची केबल काढली, परत लावायची राहिली, आणि हेड चालू करून जोरात वाजवलं. ट्यूब ॲम्पला समोर स्पीकर किंवा लोड नसेल तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर भयंकर व्होल्टेज चढतं, आणि आमचा ट्रान्सफॉर्मर गेला. दुरुस्तीत कित्येक आठवडे गेले आणि हातातली दोन कामं परत करावी लागली, त्या दोघांना मी स्वतः फोन करून माफी मागितली. तेव्हापासून स्पीकर केबल खेचून बघितल्याशिवाय आमच्याकडे स्टँडबाय स्विचला हात लागत नाही. आवाज न करता वाजवायचं असेल तर नीट लोड बॉक्स (स्पीकरच्या जागी ॲम्पला जोडायची पेटी) घ्या, त्याचे ओहम ॲम्पशी जुळवून घ्या, नुसती केबल काढून कधीच नाही.

कामं यायला लागली तशी एक गोष्ट लक्षात यायला लागली जिच्यामुळे आमचा धंदाच बदलला. आम्ही समजत होतो की लोकं आमच्याकडे ॲम्पसाठी येतात, पण येणाऱ्या बहुतेक फाईल्स ॲम्पपर्यंत पोचायच्या आधीच बिघडलेल्या असायच्या. एका मुलाची फाईल आली होती, वाजवणारा उत्तम, टायमिंग उत्तम, पण आवाजावर जणू जाड पांघरूण टाकलेलं. आम्ही दोन दिवस ॲम्पचं ट्रेबल वाढवत बसलो, माइक मध्ये सरकवला, दुसरा स्पीकर लावला. शेवटी त्याला फोन केला आणि म्हटलं इंटरफेसचा फोटो पाठव. इनपुटशेजारचा छोटा स्विच लाईनवर होता, इन्स्ट्रुमेंटवर नाही. गिटारच्या साध्या पिकअपला (तारांची थरथर पकडणाऱ्या चुंबक-कॉइलला) साधारण १ मेगाओहमचा इनपुट लागतो, लाईन इनपुट बऱ्याचदा दहा-वीस किलोओहमचा असतो, तो पिकअपला इतका दाबतो की वरचा सगळा चमकदार भाग तिथेच संपतो. जे आत आलंच नाही ते आमचा ॲम्प कुठून आणणार? त्याने स्विच बदलून तोच भाग परत वाजवून पाठवला, आम्ही टेपच्या खुणेवर माइक ठेवला, आणि पहिल्याच टेकला दादा माझ्याकडे बघून नुसता हसला.

त्यानंतर आम्ही पद्धत बदलली. आधी काम घ्यायचं आणि मग दुरुस्त करत बसायचं हे बंद. आता रेकॉर्ड करायच्या आधी बोलतो, आणि खरं सांगायचं तर आमचा अर्धा वेळ या बोलण्यातच जातो आणि त्याचाच मला जास्त अभिमान वाटतो.

काय बोलतो? सगळ्यात आधी तारा. जुन्या गंजक्या तारेचा वरचा आवाज मेलेला असतो, तो कुठल्याही प्लगिनने (कॉम्प्युटरवरच्या इफेक्टच्या सॉफ्टवेअरने) परत येत नाही, म्हणून रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी तारा बदला, ताणून बसू द्या, बाराव्या फ्रेटवर इंटोनेशन, म्हणजे तिथेही सूर बरोबर लागतो का, ते तपासा. मग पिकअपची उंची. तारांच्या फार जवळ असेल तर आवाज आखडतो, आणि सिंगल कॉइलच्या (एकाच कॉइलच्या पिकअपच्या) चुंबकाची ओढ लागून सूरही डळमळतो. केबल शक्यतो ३ मीटरची, कारण केबलच्या प्रत्येक मीटरला साधारण १०० पिकोफॅरड कपॅसिटन्स असतो आणि लांबी वाढली की ट्रेबल कमी होत जातो. लेव्हलचं तर रोजचंच आहे, लोकं अजूनही इंटरफेसच्या लाल दिव्यापर्यंत गेन (आत येणाऱ्या सिग्नलचा जोर) चढवतात, कुणीतरी सांगितलेलं असतं की सिग्नल जोरात हवा. २४ बिटमध्ये त्याची गरजच नाही, सगळ्यात जोराचा फटका उणे १२ डीबीच्या आसपास आला की पुष्कळ झालं, आणि एकदा का इंटरफेसच्या कन्व्हर्टरला क्लिप झालं, म्हणजे मर्यादेबाहेर जाऊन सिग्नल कापला गेला, की तो फाटका आवाज ॲम्पच्या डिस्टॉर्शनमध्ये लपत नाही, उलट जास्त टोचतो.

हमचा, म्हणजे गुणगुणीचा, प्रश्न वेगळा. सिंगल कॉइल पिकअप आजूबाजूच्या विजेची गुणगुण पकडतो, कुठे ५० हर्ट्झची कुठे ६० ची, म्हणून तर गिब्सनमध्ये सेथ लव्हरने १९५५ साली दोन उलट्या कॉइलचा हमबकर काढला. पण सिंगल कॉइलचा स्वाद हवा असेल तर पिकअप बदलू नका, बसायची जागा बदला. खुर्चीवर बसून हळूहळू गोल फिरा, एका कोनात गुणगुण जवळजवळ गायब होते, तिथेच बसून वाजवा. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, डिमरवाले दिवे बंद करा. साधं वाटतं पण हाय गेनमध्ये ही गुणगुण कित्येक पटीने वर येते, मग गेट (हळू आवाज आपोआप बंद करणारा इफेक्ट) लावून नोटांची शेपटं कापत बसावं लागतं.

आणि ॲम्पचा गेन, म्हणजे डिस्टॉर्शन, कमी ठेवा हे मी प्रत्येकाला सांगतो, अगदी नको होईपर्यंत सांगतो. एकट्याने खोलीत वाजवताना जितका गेन भारी वाटतो तितका रेकॉर्डिंगमध्ये नको असतो, कारण ऱ्हिदम (गाण्याच्या साथीची गिटार) आपण दोनदा वाजवून एक डावीकडे एक उजवीकडे ठेवतो आणि दोन्हीकडचा गेन मिळून चिखल होतो. दोनदा म्हणजे खरंच दोनदा वाजवायचं हं, तीच फाईल कॉपी केली तर ती मधोमधच ऐकू येते, थोडी जोरात, बाकी रुंदी काही मिळत नाही.

मध्ये एक काळ असा आला की वाटलं दुकान बंद करावं लागणार. प्लगिन्स फार चांगले झाले, आयआर फाईल्स सगळीकडे मिळायला लागल्या, म्हणजे खऱ्या कॅबिनेटचा आणि माइकचा ठसा एका छोट्या फाईलमध्ये, मग न्यूरल ॲम्प मॉडेलर आला, तोही फुकट आणि ओपन सोर्स, त्यातून खऱ्या ॲम्पची नक्कल इतकी जवळची होते की दादाने डोळे मिटून ऐकलं तेव्हा चारातल्या दोन वेळा तो चुकला. कामं निम्म्यावर आली. आम्ही महिनाभर नुसतं बोलत बसलो होतो काय करायचं. मग दादाच म्हणाला की आपल्याकडे ॲम्प आहे, खूण आहे, कान आहेत, आपणच हे करून देऊ. आता कुणाला स्वतःच्या आवडीचा टोन कायमचा हवा असेल तर आम्ही त्यांच्याशी बोलून सेटिंग ठरवतो आणि त्याचं मॉडेल आणि आयआर बनवून देतो, ते घरी रात्री दोन वाजता हेडफोन लावून वाजवू शकतात. रीॲम्पिंग अजूनही चालू आहे, पण आज निम्मं काम हे आहे.

यातूनच एक नवीन घोळ सुरू झाला, आठवड्यातून एकदा तरी येतोच. मल्टी इफेक्टमधून (अनेक इफेक्ट एकत्र असलेल्या पेडलमधून) रेकॉर्ड केलेली फाईल येते, त्यात कॅबिनेट सिम्युलेशन (स्पीकरची नक्कल) चालूच राहिलेलं असतं, आणि ती आमच्या खऱ्या कॅबिनेटमधून गेली की स्पीकरवर स्पीकर, गाळलेलं परत गाळलेलं, उशीत तोंड घालून बोलल्यासारखं. म्हणून आम्ही कायम कोरा डीआय, म्हणजे गिटारचा थेट सिग्नल, मागतो. तुम्ही ऐकताना खुशाल प्लगिन लावून ऐका, त्याशिवाय वाजवायला हुरूप येत नाही हे मला पक्कं माहितीय, फक्त ट्रॅकवर कोरा सिग्नल रेकॉर्ड होऊ द्या आणि रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधला बफर १२८ किंवा कमी ठेवा म्हणजे बोट आणि आवाज यात अंतर पडत नाही.

तक्रारीही येतात. सगळ्यात जास्त येणारी म्हणजे टोन बारीक वाटतो. आधी आम्ही लगेच बेस वाढवून पाठवायचो, मग परत तक्रार की आता गाण्यात बेस गिटार ऐकू येत नाही. कान कमी आवाजात बेस कमी पकडतो, फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलंय, आणि लोकं आमची फाईल एकटी, हळू आवाजात, फोनवर ऐकतात. म्हणून आता आम्ही गाण्यात बसवलेला नमुना सोबत पाठवतो, १०० हर्ट्झच्या खालचं काढलेलं, आणि सांगतो की आधी बेस आणि ड्रम्सबरोबर ऐका, मग बोला. बहुतेकांचा दुसरा फोन येत नाही. ज्यांचा येतो त्यांचं आम्ही परत करून देतो, वेगळे पैसे न घेता, कारण कधीकधी त्यांचंच बरोबर असतं.

नवीन कुणी आलं की पूर्ण गाणं घेत नाही. नवीन तारा, स्विच इन्स्ट्रुमेंटवर, कोरा डीआय, ३० सेकंद, त्यात थोडं हळू थोडं जोरात, आणि शेवटी पाच सेकंद हात तारांवर ठेवून शांतता, म्हणजे नॉइज किती आहे ते कळतं. तेवढं पाठवा. ते ऐकून दादा किंवा मी फोन करतो.