लग्न गेलं कुठे?

परवा आईबरोबर दिग्दर्शक यासुजिरो ओझूचा ‘लेट स्प्रिंग’ पाहिला. जपानी, १९४९ चा, कृष्णधवल. आई मेथी निवडत बसली होती आणि मी सबटायटल्स मराठीत वाचून दाखवत होतो. पाचेक मिनिटांतच तिनं मला गप्प केलं, ‘कळतंय मला.’ पडद्यावर चहाचा तो गंभीर समारंभ सुरू व्हायचा होता आणि आत्या भाचीला म्हणत होती, नवऱ्याची जुनी पँट आहे, तेवढी कापून पोराला चड्डी करून दे.

गोष्ट एवढीशीच. कामाकुरातले विधुर प्राध्यापक आणि त्यांची सत्तावीस वर्षांची मुलगी नोरिको. दोघं मजेत आहेत. आत्या स्थळ आणते. बाबांना सोडून जायला पोरगी तयार नाही, म्हणून तेच सांगतात, मीही दुसरं लग्न करतोय.

‘करतोय कसला! थापा मारतोय,’ आई मेथीतून मान वर न करता म्हणाली. ओझू हे शेवटाकडे सांगतो.

त्याचा कॅमेरा बहुतेक वेळ खालीच, मांडी घालून बसल्यासारखा. बहुधा म्हणूनच आईला परकं वाटलं नसावं. आत्याची एक पंचाईत तर तिला फारच आवडली. स्थळ आणलंय त्या मुलाचं नाव कुमातारो. कुमा म्हणजे अस्वल. असल्या नावानं हाक मारली की छातीवरचं केसांचं जंगलच डोळ्यांपुढे येतं, तेव्हा आपण ‘कू-चान’ म्हणावं, असं आत्याचं ठरतं. आईनं बाबांना जन्मभर ‘अहो’ म्हटलं, त्यामुळे तिचा हा प्रश्न मिटलेला.

हा कू-चान शेवटपर्यंत दिसत नाही. तोंडाजवळ थोडा हॉलिवूडच्या गॅरी कूपरसारखा आहे, एवढीच बातमी. नोरिको नववधूच्या वेशात आरशासमोर बसते, निघते. आत्या मागे येऊन, काही राहिलं नाही ना असं बघत, खोलीभर एक फेरी मारते. मग रिकामा आरसा. आणि एकदम वडील बारमध्ये, मुलीच्या मैत्रिणीसोबत. मला वाटलं रिमोटचं भलतंच बटण दाबलं गेलं. मागे नेऊन पाहिलं. लग्न नाहीच! ओझूनं स्वतःही कधी केलं नाही, आईबरोबर राहिला.

वडील घरी येतात, कोट काढतात, सफरचंद सोलायला घेतात. साल लांबत जाते, हात थांबतो, मान खाली जाते. ओझूनं इथे हंबरडा फोडायला सांगितलं होतं म्हणे. वडिलांचं काम करणारे चिशू र्‍यू म्हणाले, मला नाही जमणार. मग नुसता समुद्र.

‘आता ह्याच्या चहाचं काय?’ आई.

‘ती मैत्रीण म्हणाली ना, येत जाईन भेटायला.’

‘म्हणतात सगळे,’ आई म्हणाली आणि मेथीच्या काड्या कागदात गुंडाळून उठली.