दातांची ट्रीटमेंट

"अगं, तुझे दात तरी किती किडलेत?" डबा उघडता उघडता अकाउंट्सच्या मॅडमनी विचारलं. सगळे हसले. मीही हसले.

गेले सात गुरुवार मी लंच टाइममध्ये 'डेंटिस्टकडे' जातेय. म्हणजे खाली पार्किंगमध्ये, स्कूटीवर बसून, कानात इयरफोन घालून समुपदेशक ताईंशी बोलते. 45 मिनिटं. संध्याकाळी लॉचं लेक्चर, रविवारी त्या नसतात. उरतं काय?

आज नेमकं आईबद्दल बोलताना रडू फुटलं आणि वॉचमनकाका आले, गाडी हलवा म्हणायला. चेहरा बघून थबकले. "राहू द्या ताई, पाच मिनिटांनी काढा." आणि मागच्या कारवाल्याला दुसऱ्या बाजूने वळवलं. विचारलं काहीच नाही.

टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 रात्री-अपरात्रीही लागतो, फुकट, मराठीतही बोलतात. परीक्षेच्या आदल्या रात्री मी लावलाय, आधारही वाटला. पण दर आठवड्याला त्याच माणसाशी, मागच्या वेळी सुटलेला धागा धरून बोलायचं तर ठरलेली वेळच लागते. आणि ती मागायला मला अजून दाढच पुढे करावी लागते. दाढेला कुणी 'का' विचारत नाही ना!

अक्कलदाढा धरून बत्तीस. पुरतील का हो?