जरा सोयीच्या जागी

कादिकॉयहून बोस्तानजीला जाणाऱ्या डोलमुशमध्ये परवा दुपारी मागून कुणीतरी माझ्या खांद्यावर टकटक केलं. मी वळून न बघताच हात मागे नेला. तळव्यावर एक दुमडलेली नोट आली, सोबत 'बिर बोस्तानजी', म्हणजे 'एक बोस्तानजी', एवढा निरोप आला. दोन्ही मी पुढच्या माणसाच्या खांद्याशी पोचते केले, त्यानं त्याच्या पुढच्याच्या. ड्रायव्हरनं एका हातानं स्टिअरिंग सांभाळत दुसऱ्यानं सुटे मोजले आणि तीच वरात उलटी फिरून मागच्या सीटवर गेली. कुणी कुणाचं तोंड पाहिलं नाही, कुणी सुटे मोजूनही घेतले नाहीत. मला मनातून फार बरं वाटलं. इस्तंबूलमधली ही एक गोष्ट तरी मला अगदी इथल्यांसारखी जमते.

डोलमुश म्हणजे आपलं वडाप. सातारा-कऱ्हाडकडच्या मंडळींना आणखी काही सांगायची गरज नाही. १९२९ नंतरच्या मंदीत एकट्या-दुकट्याला टॅक्सी परवडेनाशी झाली, तेव्हा टॅक्सीवाल्यांनी एका गाडीत चार-पाच अनोळखी माणसं बसवायला सुरुवात केली. पुढे कित्येक वर्षं लांबलचक अमेरिकन गाड्या या कामाला जुंपलेल्या होत्या. आता पिवळ्या छोट्या व्हॅन आहेत. गाडी भरली की सुटते, वेळापत्रक वगैरे भानगड नाही. फरक एवढाच, की इथं 'भरली' म्हणजे खरोखरच भरली. आपल्याकडे भरलेल्या वडापमध्ये आणखी तिघं बसतात, आणि चौथा मागे लटकून 'चला' म्हणतो.

तर पैसे पुढे पाठवणं सोपं. अवघड आहे ते उतरणं. गाडीत घंटी नाही, बटण नाही, कंडक्टर नाही. रेडिओवरचं गाणं आणि ड्रायव्हरच्या फोनवरच्या गप्पा यांच्या वरताण आवाज काढून मागूनच ओरडायचं, 'म्युसाइत बिर येर्दे इनेजेक वार!' जरा सोयीच्या जागी थांबवा, उतरणारं माणूस आहे.

भाषा म्हणाल तर मराठी माणसाला ती तितकीशी छळत नाही. क्रियापद वाक्याच्या शेवटी, ते तर आपल्या हाडातच आहे. विभक्तीचे प्रत्यय शब्दाच्या शेपटीला. तू वेगळं, तुम्ही वेगळं. मावशी वेगळी नि आत्या वेगळी, काका वेगळा नि मामा वेगळा, आणि रस्त्यातल्या कुठल्याही वयस्कर बाईला खुशाल 'तेय्झे', म्हणजे मावशी, म्हणावं. १९२८ साली त्यांनी अरबी वळणाची लिपी सोडून रोमन घेतली. एकूण २९ अक्षरं, लिहिलंय तसं वाचायचं. त्यातलं एक अक्षर तर उच्चारायचंच नाही, फक्त आधीचा स्वर लांबवायचा. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात मी दुकानांच्या पाट्या खणखणीत वाचू लागले. कळत काहीच नव्हतं, पण वाचन असं, की ऐकणाऱ्यानं मला कर्ज द्यावं. साबण, दुकान, हवा, मैदान हे आपले शब्द इथंही आहेत म्हणून याद्या करायचा नाद प्रत्येक भारतीयाला लागतो. तो लवकर सुटलेला बरा. दुकानात जाऊन 'साबुन' म्हणण्याचा आनंद एकदाच मिळतो, दुसऱ्यांदा नुसताच साबण मिळतो.

छळतात ते स्वर. 'मशिदीपाशी' म्हणायचं तर 'जामिदे', शाळेपाशी 'ओकुल्दा', थांब्यावर 'दुराक्ता'. प्रत्यय एकच, पण आधीचा स्वर नि व्यंजन बघून त्यानं कधी 'दे' व्हायचं, कधी 'दा', कधी 'ते', कधी 'ता'. वर्गात वहीवर हे छान जमतं. चालत्या गाडीत मनातल्या मनात गणित सुटेपर्यंत मशीद मागे गेलेली असते. इस्तंबूलमध्ये पुढची लगेच येते, तेवढीच सोय.

पण स्वरांवर कशाला ढकलू? मला मराठीतही गाडीत ओरडता येत नाही.

चिपळूणहून गुहागरकडे जाणारी लाल एसटी. छताच्या कडेनं गेलेली घंटीची दोरी, कंडक्टरच्या हातातला पंच, आणि खिडकीतून येणारा तापलेल्या डांबराचा वास. मे महिन्यात आम्ही सगळी भावंडं आजीबरोबर मागच्या बाकावर. आमची पाखाडी जिथं रस्त्याला लागते तिथं थांबा नव्हता, साधी 'विनंती थांबा'ची पाटीसुद्धा नव्हती. एक फणस होता. आजीला तेवढा पुरे. वळण दिसलं रे दिसलं, की ती पदर खोचून उभी राहायची आणि अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं सांगायची, "अहो मास्तर, फणसापाशी जरा थांबवा हो, पोरं आहेत माझ्याबरोबर!" माना वळायच्या. कुणीतरी हसायचं. आम्ही पोरं बाकाखाली जायच्या बेतात. ड्रायव्हर पुटपुटत ब्रेक दाबायचा. कंडक्टर म्हणायचा, "आजी, इथं थांबा नाही." "नाही ना? मग आता झाला की!" असं म्हणून ती त्याच्या हातात ओंजळभर करवंदं ठेवायची आणि सावकाश, एकेक पायरी, उतरायची.

तेव्हाच मी ठरवून टाकलं, की मोठेपणी गाडीत कधीही ओरडायचं नाही. पुण्यात ते निभावलं. दोन स्टॉप आधीच दाराशी जाऊन उभं राहिलं की झालं. मुंबईच्या लोकलमध्ये पुढच्या बाईला भुवईनंच 'दादर?' विचारता येतं. इथं आल्यावर मी शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊ लागले. तिथं सगळेच उतरतात. मग बगदाद रस्त्यानं घराकडे उलटं चालत यायचं. चौथ्या मुराद सुलतानानं १६३८ साली बगदाद जिंकलं, त्या मोहिमेवरून या रस्त्याला नाव पडलं. सुलतानाच्या त्या वाटेनं मी दोन पिशव्या भाजी घेऊन परतत असे. नवऱ्याला सांगितलं होतं, चालणं तब्येतीला चांगलं.

एकदा पिशव्या फारच जड होत्या. शेजारी चाकांवर ओढायची पिशवी घेतलेली एक तेय्झे बसली होती. मी तिला हळूच, जवळजवळ कानातच म्हटलं, मशिदीपाशी. 'दे' म्हटलं की 'दा' ते आता आठवत नाही, बहुधा दोन्हीच्या मधलं काहीतरी. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "काप्तान, जामिदे इनेजेक वार!" पुढच्या सीटवरच्या पोरानं कानातला इअरफोन काढून तेच पुन्हा म्हटलं. त्याच्या पुढच्यानं आणखी एकदा. नोट जाते तसा माझा आवाजही खांद्यावरून खांद्यावर पुढे गेला, आणि वाटेत त्याचं व्याकरणही कुणीतरी दुरुस्त केलं. गाडी थांबली.

तेव्हापासून मी शेजारी बघून बसते. विद्यार्थी नको, ते लाजतात. टाय लावलेला माणूस नको. साठीच्या पुढची, मांडीवर पर्स घट्ट धरलेली बाई उत्तम. आमच्या वर्गातल्या बाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, अशानं तुमची भाषा सुधारणार नाही. त्यांचं बरोबर आहे. पण त्या स्वतः कारनं येतात.

परवा मात्र मला खरंच बोस्तानजीलाच जायचं होतं. तिथून बेटांकडे जाणाऱ्या बोटी सुटतात. बोटीत ओरडायला लागत नाही. चहावाला ट्रे घेऊन स्वतःच बाकांमधून फिरतो, 'चाय, चाय' करत. एक बोट वर केलं की बारीक कमरेचा पेला समोर येतो, बशीत कागदात गुंडाळलेले साखरेचे दोन खडे. मी बिनसाखरेचा पिते. खडे पर्समध्ये टाकते. घरी एक बरणी भरलीय, त्यांचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही.