आलंच आता

पेडर रोडला चढ आहे हे मोटारीतून जाणाऱ्याच्या लक्षात येत नाही. ड्रायव्हर गिअर बदलतो, जुनी टॅक्सी असेल तर ती जराशी कण्हते आणि बघता बघता केम्प्स कॉर्नरचा उड्डाणपूल येतो, पाटीवर डॉ. गोपाळराव देशमुख मार्ग असे नाव असलेला हा रस्ता आधी चढतो आणि मग उतरतो, याची दखल घ्यायला वेळच मिळत नाही. जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी मात्र हा चढ हजारो माणसांना एकाच सकाळी कळतो आणि तोही पोटऱ्यांतून कळतो.

मुंबई मॅरेथॉन 2004 साली सुरू झाली. पूर्ण अंतर, म्हणजे 42 किलोमीटरांहून थोडे अधिक, धावणारे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून निघतात, मरीन ड्राइव्ह, पेडर रोड, हाजी अली करत वरळीला पोहोचतात आणि एरवी जिथे पायी चालायला, इतकेच काय दुचाकी न्यायलाही बंदी आहे, त्या सागरी सेतूवरून वांद्र्याला जातात. माहीम, शिवाजी पार्क असे करत परत फिरून ते पुन्हा हाजी अलीला येतात तेव्हा 35 किलोमीटरच्या आसपास अंतर झालेले असते. शरीराने स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर साधारण याच सुमारास संपत येते, ऊन वर आलेले असते, समुद्राकाठच्या दमट हवेत घाम लवकर वाळत नाही आणि नेमका याच ठिकाणी हा चढ समोर उभा राहतो. मार्ग आखणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. बेट चिंचोळे, एका बाजूला टेकडी, दुसऱ्या बाजूला पाणी, मग रस्ता तरी दुसरा आणायचा कुठून?

मी स्वतः धावत नाही. गिरगावात राहतो आणि लोकल सुटताना दिसली तरीही पुढच्या गाडीची वाट पाहणाऱ्यांपैकी आहे. काही वर्षांपूर्वी भाचा पहिल्यांदा धावणार म्हणून ताईच्या आज्ञेवरून संत्री आणि मीठ घेऊन या चढावर उभा राहिलो. भाचा समोरून कधी गेला ते मला कळले नाही आणि त्यालाही मी दिसलो नाही. परंतु सोललेली संत्री घरी परत कशी नेणार, म्हणून येईल त्याच्यापुढे हात करत गेलो आणि अर्ध्या तासात डबा रिकामा झाला. तेव्हापासून दरवर्षी जातो.

या कामालाही एक शास्त्र आहे. संत्री आदल्या रात्री सोलून ठेवू नयेत, फोडी वरून सुकतात आणि चिवट होतात. पहाटे उठूनच सोलावीत. बिया काढाव्यात, कारण धापा टाकणाऱ्या माणसाला बी थुंकण्याचीही उसंत नसते. मीठ वरून भुरभुरावे, पण अगदी हलक्या हाताने. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे फोड चिमटीत धरून पुढे करू नये. इतके अंतर धावून आलेल्या हाताला नेम उरलेला नसतो, त्याची बोटे फोडीऐवजी आपल्या मनगटाला धडकतात. म्हणून घोड्याला गूळ देताना धरतो तसा तळवा सपाट पसरावा आणि त्यावर फोडी ठेवाव्यात. हात येतो, गरम, ओला, किंचित थरथरणारा, आणि फोड उचलून जातो. त्या माणसाच्या कानशिलावर घाम वाळून मिठाचा पांढरा ओघळ झालेला असतो, तेवढाच काय तो आपल्याला दिसतो.

खरे विजेते याच चढावरून जातात, पण त्यांच्याविषयी सांगण्यासारखे माझ्यापाशी फार थोडे आहे. इथिओपियाच्या हायले लेमीने 2023 साली ही शर्यत 2 तास 7 मिनिटे 32 सेकंदांत पुरी केली, म्हणजे ताशी सुमारे 20 किलोमीटर. कामाच्या दिवशी संध्याकाळी याच रस्त्यावर बेस्टची बस एवढा वेग गाठू शकली तर कंडक्टरलाही नवल वाटेल. हौशी मंडळी पहाटे पाचला निघालेली असतात आणि हे अव्वल धावपटू सात वाजून गेल्यावर निघतात, तरीही धीमी गाडी रखडत असताना शेजारच्या रुळावरून जलद गाडी निघून जावी तसे ते पुढे निघून जातात. पावलांचा आवाजही फारसा होत नाही. आपण टाळीसाठी हात उचलेपर्यंत पाठी दिसू लागतात, आणि संत्र्याचा तर प्रश्नच येत नाही.

माझी गिऱ्हाईके त्यांच्यानंतरची. त्यांतले बरेच जण चढावर आले की चालू लागतात, आणि चालू लागलेला माणूस कडेच्या माणसाशी बोलतो. प्रश्न ठरलेला असतो, "अजून किती आहे?" आणि पेडर रोडवर दुतर्फा उभे असलेले लोक, इमारतींतून चिक्की, उकडलेले बटाटे आणि बिस्किटे घेऊन उतरलेल्या आजीबाई, ढोल वाजवणारी मुले, दुखऱ्या पायांवर मारायच्या स्प्रेचे डबे घेतलेले स्वयंसेवक, कोणीही आपसांत न ठरवता एकच उत्तर देतात, "आलंच आता!"

हे उत्तर साफ खोटे आहे. चढ संपला तरी पुढे चौपाटी आहे आणि तिच्यापुढे मरीन ड्राइव्हचा तो उघडा वळसा, ज्याचे दुसरे टोक सतत दिसत राहते आणि काही केल्या जवळ येत नाही. पण सह्याद्रीत भटकलेल्या कुणालाही हे खोटे ओळखीचे वाटेल. पायथ्याच्या वाडीत कुणा बाबांना गड किती लांब म्हणून विचारावे, तर ते हनुवटीनेच वर दाखवून "ह्यो काय, आलाच की" म्हणतात आणि त्यानंतर आपण दोन तास चढत राहतो. त्या बाबांचा राग आल्याचे मला तरी आठवत नाही.

खरे बोलण्याचा प्रयोग एकदा झाला आहे. भाच्याने एका वर्षी गुडघा दुखतो म्हणून धावणे रद्द केले आणि तो माझ्या मदतीला आला. तो अभियंता, मनगटावर घड्याळ. एका थकलेल्या बाईंनी विचारल्यावर त्याने अंतराचा हिशेब मांडला, वर त्यांच्या सध्याच्या चालीने किती मिनिटे लागतील तेही सांगितले. बाई जागीच थांबल्या, कमरेवर हात ठेवून त्यांनी त्याच्याकडे बघितले आणि सरळ पदपथाच्या कडेवर बसल्या. शेजारच्या आजींनी भाच्याला असे काही झापले की उरलेला वेळ तो मुकाट्याने बिया काढत राहिला. बाईंना उठवायला चार फोडी, दोन बटाटे आणि तीन माणसांचे "आलंच, आलंच" लागले.

यंदा उन्हे चांगलीच तापल्यावर, डब्यात शेवटच्या सात-आठ फोडी उरल्या असताना पन्नाशीचे एक गृहस्थ पाय ओढत चढ चढून आले. त्यांनी काही विचारायच्या आधीच मी सवयीने म्हणालो, "आलंच आता!" त्यांनी माझ्या तळव्यावरच्या दोन फोडी उचलल्या, एक तोंडात टाकली आणि न थांबता म्हणाले, "काका, गेल्या वर्षीही तुम्ही हेच म्हणाला होतात."